वाघोबाच्या खिंडीत विझलेला दिवा

मी एक जुनी तांबडी वायर आहे. पालघरजवळच्या मुरबे गावी, नामदेव तांडेलाच्या घरी, पडवीतल्या खुंटीवर वेटोळं घालून लटकले आहे. रंग माझा कधीच उडाला. अंगावर एका जागी सायकलच्या ट्यूबचा काळा पट्टा गुंडाळलेला आहे. नवी पोरं मला साप समजून दचकतात. दचकू द्या! तेवढीच माझी करमणूक. पण मित्रांनो, आज आलाच आहात तर घटकाभर टेका. मला पाहून 'हे भंगारात का नाही टाकलं?' असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्याचं उत्तर आज देऊन टाकते.

माझा जन्म बोईसरच्या कारखान्यांच्या वसाहतीत झाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. सत्तरचं दशक तेव्हा सरत आलं होतं. तांब्याची सळई बारीक भोकातून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, अशी ओढून ओढून पार केसासारखी करायची. असे पुष्कळ केस एकत्र पिळून वर प्लास्टिकची तांबडी कातडी चढवली, की झाली वायर. जन्मताना फार ताणाताणी झाली हो माझी! पण त्यामुळेच अंगात लवचिकपणा आला. माझ्या बरोबरच्या वायरी घराघरांतल्या भिंतींत गेल्या आणि कायमच्या गप्प झाल्या. मला मात्र नामदेव तांडेलानं बोईसरच्या बाजारातून उचललं आणि थेट दर्यावर नेलं.

त्याच्या होडीचं नाव 'हिराबाय'. खाली बॅटरी आणि वर डोलकाठीवर दिवा, दोघांच्या मध्ये मी. मी जागी असले की दिवा जागा. लांबून जाणाऱ्या मोठ्या जहाजांना त्या दिव्यावरून कळायचं, की इथे माणसं आहेत, सांभाळून जा. माझा तोरा काय विचारता!

होडीवर एक मोठं सुख होतं. होडी लाकडाची. लाकूड मायेचं असतं, उघड्या अंगानं टेकलं तरी काही बोलत नाही. एकदा नामदेवाला जाळ्यावर उजेडासाठी आणखी एक दिवा हवा होता. त्यानं चाकूनं मधेच माझी बोटभर कातडी सोलली आणि दुसरी वायर तिथे पिळून टाकली. पुढे तो दिवा काढला, पण माझी सोललेली जागा तशीच राहिली. वर थोडं ग्रीस चोपडलं, झालं काम. तिथल्या सगळ्या होड्यांवर हीच रीत होती. कुणाचं कधी काही बिघडलं नाही.

आणखी एक रीत मात्र एकट्या नामदेवाची होती. त्याच्या होडीवर फ्यूज नव्हता.

फ्यूज माहीत आहे ना? बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, आत केसासारखी तार. वाजवीपेक्षा जास्त वीज आली की ती तार वितळते आणि पुढचा सगळा प्रवाह बंद होतो. होडीवर फ्यूज न ठेवण्यामागे नामदेवाचं दुःख होतं. त्याचा एकुलता एक मुलगा जिवल्या. मी यायच्या आदल्या वर्षी जिवल्या दुसऱ्याच्या होडीवर गेला होता. पावसाळी हवेत तिच्या दिव्याचा फ्यूज उडाला. होडीत दुसरा फ्यूज नव्हता. काळोखात काही जुगाड करेपर्यंत एक जहाज होडीवर येऊन आदळलं. बाकीचे वाचले. जिवल्या सापडलाच नाही.

तेव्हापासून नामदेव एकच सांगायचा, "माजा पोर फ्यूजनं नेला." तो फ्यूज उडाला कशामुळे, हे मात्र कुणी विचारलं नाही. दुःखात कुठलं सुचतंय ते!

अशी काही वर्षं गेली. मग चौऱ्याऐंशीच्या थंडीत नामदेवाची लेक हंसा बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा दादू तेव्हा दर्यावर होता. तिला तातडीनं पालघरच्या सूतिकागृहात नेलं. मुलगी झाली. केवढी, तर ओंजळीत मावेल एवढी. रडायचं तर मांजराच्या पिलासारखं बारीक रडायची.

तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे अशा नाजूक बाळांसाठी लाकडी पेटी होती. खाली दिवे, त्यावर जाळी, जाळीवर कापसाची गादी. दिव्यांच्या उबेवर बाळ तग धरायचं. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी नामदेवाला बाजूला घेतलं.

"मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं हिला," त्या म्हणाल्या. "मी चिठ्ठी देते. पण वाटेत पोर गार पडता कामा नये. ही पेटी न्या आणि दिवे पेटते ठेवा."

नामदेवाचा जुना दोस्त होता नरहरी, पालघरजवळच्या माहीमचा बागायतदार. याच्याकडून म्हावरं त्याच्या घरी जायचं, त्याच्या वाडीतले चिकू याच्या घरी यायचे. नरहरीकडे फियाट गाडी होती. निरोप मिळाल्याबरोबर तो ती घेऊन दारात हजर झाला. पण पेटीतले दिवे गाडीत चालवायचे कसे? गाडीची स्वतःची बॅटरी म्हातारी झालेली. तिच्यावरच दिव्यांचा भार टाकला आणि ती वाटेत बसली, तर गाडीच बंद पडायची.

म्हणून बाजारातल्या गॅरेजमधून एक कारागीर बोलावला. तो सरावलीला राहायचा, हिंदीत बोलायचा. त्यानं डिकीत एक वेगळी बॅटरी पट्ट्यानं घट्ट आवळून बसवली. चालत्या इंजिनानं ती वाटेत भरत राहावी म्हणून पुढून एक जाड वायर आणली. तिच्या दोन्ही टोकांना फ्यूज घातले आणि पत्र्याच्या भोकातून ती जिथे जात होती तिथे रबराची कडी बसवली. पेटीतले घरच्या विजेचे दिवे काढून गाडीचे दिवे लावले. उरली बॅटरीपासून पेटीपर्यंतची वायर. नामदेवानं होडीवरून मला काढून आणलं होतं. म्हणाला, "हीच लावायची. हिनं मला कदी दगा नाय दिला." माझी छाती कशी फुगली, काय सांगू!

कारागिरानं माझ्या तोंडाशी, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज बसवायला घेतला. नामदेवानं त्याचा हातच धरला.

"फ्यूज नको!"

"चाचा, बिना फ्यूज के मैं गाड़ी को हाथ नहीं लगाऊँगा. अंदर बच्ची सोएगी."

"बच्ची सोएगी म्हनूनच नको! दिवा गेला तर?"

दोघंही हट्टाला पेटले. दोघांनाही त्या पोरीचीच काळजी होती, बरं का. शेवटी नरहरी मधे पडला.

"नामदेवा, होडीवर तुझा शब्द. गाडी माझी आहे, इथं माझा शब्द. फ्यूज बसेल. पण चार जास्तीचे माझ्या खिशात राहतील. उडाला तर तिथल्या तिथं दुसरा. मग तर झालं?"

नामदेवानं कारागिराचा हात सोडला. कारागीर त्याला समजावत होता, की बॅटरीचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्यालाच जोडलंय, आता सगळी गाडीच वायर झाली, म्हणून तांबड्या वायरीचं उघडं अंग कुठे पत्र्याला लागू देऊ नका. नामदेव हो हो करत होता, पण त्याची नजर सूतिकागृहाच्या खिडकीकडे लागली होती. कारागीर माझं पेटीतलं टोक ओढायला निघाला, तर हा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आतलं मी बगतो. उबा जलम वायरी जोडतोय." आणि होडीत जशी अंथरायचा तशीच त्यानं मला मागच्या सीटखालून अंथरली. माझी ती सोललेली जागा बरोबर सीटच्या लोखंडी चौकटीखाली आली. त्याच्या ध्यानातही आलं नाही. होडीत लोखंड होतंच कुठे!

माझ्या शेजारी तो काचेचा बुटका येऊन बसला होता. मी त्याला चिडवलं, "काय रे, मी दर्या पाहिलेली. तू काय करतोस?"

तो म्हणाला, "काही नाही. तुझ्यावर वेळ आली तर आधी मी जातो."

मला हसू आलं. एवढासा जीव आणि केवढ्या बाता!

सकाळी गाडी निघाली. पुढे नरहरी आणि नामदेव. मागे हंसा, तिची आई काशीबाई आणि दोघींच्या मधे पेटी. पेटीत दिवे छान पेटले होते. हंसा थकलेली होती, तरी तिनं पेटीच्या फटीतून बोट आत घालून ठेवलं होतं. गाडी मनोरच्या रस्त्याला लागली. वाऱ्याला नुसती सुरी लावल्यासारखी धार होती.

वाघोबाच्या खिंडीचा चढ सुरू झाला. एका वळणावर गाडीनं खड्ड्यात असा काही हिसका खाल्ला की सीटची चौकट माझ्यावर दाबली गेली. माझं उघडं तांबं लोखंडाला टेकलं. अरे देवा! लाकडाच्या सवयीची मी. मला वाटलं, टेकलं तर टेकलं. पण त्या क्षणी अंगातून असा लोंढा धावला की जन्मात कधी धावला नव्हता. माझी कातडी तापायला लागते न लागते, तोच डिकीत टक्‌ झालं. बुटक्याच्या काचेत धूर भरला. लोंढा थांबला आणि पेटीतले दिवे विझले.

"बाबा, दिवा गेला!" हंसा किंचाळली.

वळणावर थांबायला जागा नव्हती. नरहरीनं गाडी तशीच वर वाघोबाच्या देवळासमोर नेऊन उभी केली. काशीबाईनं तोवर बाळाला पेटीतून उचललं, पदराआड आपल्या उघड्या छातीशी धरलं आणि वरून लुगडं, त्यावर घोंगडी ओढून घेतली. पण वारा फटीफटीतून आत येत होता आणि मुंबई अजून कुठल्या कुठे होती.

नामदेव डिकीशी धावला. काळा पडलेला फ्यूज त्यानं नरहरीपुढे धरला. 

"बगितलंस? बगितलंस, नरहरी? बोललो होतो मी!"

नरहरीनं खिशातला दुसरा फ्यूज दिला. बसवला. टक्‌! तोही गेला.

आता मात्र नामदेवाचा तोल सुटला. "एक पोर दिला याला. आता नात नाय देनार!" असं म्हणून त्यानं फ्यूजची बैठकच उपटली आणि पक्कडीनं माझं टोक सरळ बॅटरीला पिळायला घेतलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. माझं उघडं अंग अजून त्या लोखंडालाच टेकलेलं होतं. मधे फ्यूज नाही म्हटल्यावर ती सगळीच्या सगळी बॅटरी माझ्या अंगातून धावणार होती. मी क्षणात निखारा झाले असते. माझ्या वर काथ्यानं भरलेली सीट, सीटवर लाकडी पेटी, पेटीत कापूस. आणि शेजारी हंसा, काशीबाई आणि ते एवढंसं पोर. बॅटरीच्या खुंटापासून मी फक्त वीतभर लांब होते.

"अवो!" काशीबाई आतून ओरडली. "काय करताव?"

"सरळ जोडतो. दिवा पेटाया पायजे!"

"दोन गेले ना एकामागं एक? मंग कायतरी आडलंय! जालं आडकलं का ओडताव काय तुमी? ओडलं तर फाटतं. जिवल्याला तुमीच शिकवलंत ना, आदी हात लावीत मागं जा, कुटं गुतलंय ते बगा! मंग आता काय झालं?"

जिवल्याचं नाव त्या घरात कुणी मोठ्यानं घेत नसे. पक्कड जागच्या जागी थांबली.

नामदेवानं मला सोडलं. मग त्यानं काळोखात जाळं चाचपतात तसं मला चिमटीत धरलं आणि बोटं सरकवत सरकवत निघाला. डिकीतून आत, सीटखाली. हंसाला हळूच बाजूला सरकवलं, सीट उचलली. त्याच्या बोटांना ग्रीस लागलं. ग्रीसखाली उघडं तांबं. तांब्यासमोर चौकटीच्या लोखंडावर काळा डाग आणि डागाशेजारी सीटचा काथ्या नखाएवढा करपलेला.

 नामदेव तिथेच रस्त्यावर बसला.

"ही जागा मीच सोलली होती," तो म्हणाला. "होडी लाकडाची, नरहरी. गाडी लोखंडाची. माज्या डोक्यातच नाय आलं. आता मी सरळ जोडली असती तर..."

"जोडली नाहीस ना?" नरहरी म्हणाला. "मग ऊठ."

"रडाया मागनं बसा," काशीबाई म्हणाली. "आदी बांदा ते. पोरीचे पाय गार होतात."

नरहरीच्या हत्यारांच्या पिशवीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. नामदेवानं ती जागा लख्ख पुसली, ट्यूब ताणून ताणून गुंडाळली आणि जाळ्याच्या दोऱ्यानं अशी आवळली की अजून सुटलेली नाही. मला चौकटीपासून दूर घेतलं आणि हलू नये म्हणून जागोजागी बांधलं. फ्यूजची बैठक होती तिथे परत लावली. मग तिसरा फ्यूज हातात घेऊन नामदेव थांबला. त्यानं देवळाकडे एकदा पाहिलं आणि फ्यूज बसवला.

दिवे लागले.

 हंसा एकदम हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि आतून ते मांजराचं पिलूही तिच्या सुरात सूर मिळवून रडलं. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! दर्यावरून वादळ टळून घरी आल्यावरही तसं कधी वाटलं नव्हतं. नरहरीनं देवळापुढे नारळ फोडला आणि सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. नामदेवानं आपला वाटा खाल्ला नाही. बाळाच्या पेटीवर ठेवला.

पुढे मनोर गेलं, हमरस्ता लागला, आणि मुंबईपर्यंत दिवे एकदाही लुकलुकले नाहीत. दवाखान्याच्या दारात एक डॉक्टर गाडीपाशी आला. त्यानं पेटीत हात घालून पोरीचे तळवे चाचपले.

"ऊबदार आहेत," तो म्हणाला. "छान आणलीत."

एवढंच बोलला, पण नामदेवानं गाडीच्या टपावर डोकं टेकून मोठा श्वास सोडला.

परतताना गाडीत दोघंच होते. नामदेव म्हणाला, "नरहरी, त्या दिवशी जिवल्याच्या होडीवरचा फ्यूज. तोबी कायतरी सांगत असंल रे. आमी त्याच्यावरच राग धरून बसलो."  नरहरीनं गाडी हळू केली.

पोर वाचली. थंडी संपायच्या सुमाराला गुटगुटीत होऊन मुरब्याला आली. नाव ठेवलं सुलू. नामदेवानं 'हिराबाय'वर दोन दिवे लावले, दोन वेगळ्या वायरींवर, दोघांना दोन वेगळे फ्यूज, आणि जास्तीचे फ्यूज मेण लावलेल्या डबीत. एक गेला तरी दुसरा दिवा जागा राहील. उघडे सांधे सगळे बंद केले. शेजारच्या होड्यांवर जाऊन लोकांनाही सांगू लागला, कुणी हसलं तरी सांगत राहिला. माझी मात्र त्यानं सुट्टी केली आणि मला या खुंटीवर टांगलं. सुरुवातीला मला राग आला होता. उगीच कशाला खोटं बोलू?

पण खुंटीवरून मी एक गोष्ट पाहिली, ती होडीवर राहून पाहायला मिळाली नसती.

सुलूचं जावळ काढायचा दिवस होता. याच पडवीत. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, तशी आपली रीत. सुलूचा मामा एकच, आणि तो भिंतीवरच्या फोटोत. कुणी म्हणालं चुलतमामाला बोलवा, कुणी म्हणालं दादूच मांडीवर घेऊ दे. हंसा मान खाली घालून बसली होती.

तेव्हा नामदेव उठला. जिवल्याच्या फोटोखाली फळीवर त्यानं खिंडीतला तो पहिला जळका फ्यूज ठेवला होता. तो उचलून उजव्या मुठीत धरला आणि पाटावर येऊन बसला. पण पोरीला मांडीवर घ्यायला त्याला धीर होईना. इकडेतिकडे बघत राहिला. आजोबा त्या जागी बसला तर लोक काय म्हणतील, असं त्याच्या मनात आलं असावं.

काशीबाईनं सुलूला उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या निवांत," ती म्हणाली. "मामा हाय ना तिचा तुमच्या मुठीत."

 न्हाव्यानं कात्री चालवली. सुलूनं आजोबाची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि उघडायचा प्रयत्न करत राहिली. हंसा रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी मोकळं वाटत होतं.

आता सुलू दहा वर्षांची झाली, बोईसरला शाळेत जाते. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा होते, तेव्हा ती फोटोखालच्या त्या काचेला कुंकू लावते आणि मग खुर्चीवर चढून माझ्या काळ्या पट्ट्यालाही लावते. मला गुदगुल्या होतात, पण मी आवरते.

तर मित्रांनो, गाडीत असो, घरात असो, होडीवर असो, वीज लागेल तेवढी घ्या, पण माझ्यासारखीचं अंग उघडं ठेवू नका, आणि माझ्या तोंडाशी तो काचेचा बुटका बसवायला विसरू नका. तो माझ्या ताकदीच्या आतला, म्हणजे मी तापायच्या आधीच वितळणारा असावा आणि त्याचे दोन भाऊ जवळ असावेत. तो गेला तर त्याच्यावर चिडू नका. हात लावीत मागे जा आणि कुठे गुंतलंय ते बघा. त्यानं आपला जीव देऊन तुम्हाला तेवढी सवड दिलेली असते.